टोपी वाजली, बार नाही!

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

मोठा गाजावाजा व्हावा आणि हाती काहीच लागू नये, याला आपण 'फुसका बार' म्हणतो. पुढाऱ्याच्या घोषणेला म्हणतो, पडलेल्या सिनेमाला म्हणतो, लग्नात ऐन वेळी न वाजलेल्या फटाक्यालाही म्हणतो. हा शब्द दारूच्या बारातून आपल्या बोलण्यात आला. माझी सारी नोकरी त्या फुसक्या बाराची कारणं शोधण्यात गेली. पोलिस खात्यात मी आरमोरर होतो. आरमोरर म्हणजे शस्त्रागारातला मिस्त्री. बंदुका साफ ठेवायच्या, बिघडल्या तर दुरुस्त करायच्या, आणि चांदमारीच्या दिवशी मैदानावर हजर राहायचं.

लोकांना बंदुकीच्या आवाजाची भीती वाटते. मला विचाराल तर चाप ओढल्यावर नुसतं 'खट्' झालं आणि पुढे काहीच झालं नाही, तो क्षण जास्त भीतीचा. आवाज झाला म्हणजे बंदुकीतलं काम संपलं. आवाज झाला नाही म्हणजे काम संपलं की अजून चालू आहे, हे बाहेरून कळत नाही. आज त्या 'खट्'विषयी बोलायचं आहे.

मामांची जागल

मी अकरा वर्षांचा होतो. साल १९६८. कळमनुरी तालुक्यात कयाधू नदीच्या बाजूला माझ्या मामांची शेती होती. दसरा झाला होता, ज्वारी दाण्यात आली होती आणि रानडुकरांचा उच्छाद सुरू होता. ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. डुक्कर जेवढं खातं त्याच्या कितीतरी पट तुडवतं आणि लोळवतं. एका रात्रीत वाफेच्या वाफे आडवे. म्हणून मामा रोज जागलीला जायचे, आणि सुट्टीत गेलो की मीही त्यांच्याबरोबर माळ्यावर झोपायला जायचो.

मामांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. ठासणीची म्हणजे जिच्यात तोंडाकडून दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजानं सगळं ठासून बसवायचं. मागच्या बाजूला एक पोकळ कांडी असते. तिला निपल म्हणतात. त्या निपलवर तांब्याची लहानशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की टोपी फुटते, तिची ठिणगी निपलच्या भोकातून आत जाते आणि दारू पेटते. मामा जनावर मारत नसत. हवेत एक बार काढला की कळप पळून जायचा, एवढंच काम.

त्या रात्री पहाटेकडे ज्वारीत खसखस ऐकू आली. मामांनी बंदूक उचलली, नळी आभाळाकडे केली आणि चाप ओढला. टोपी 'टच्' वाजली. बार निघाला नाही. मामा म्हणाले, "दव लागलं वाटतं." त्यांनी बंदूक खाली घेतली, दस्ता जमिनीला टेकवला आणि नळीच्या तोंडाशी डावा हात धरून उजव्या हातानं गज काढायला गेले. मी कंदील वर धरला होता. तीन-चार आकडे मोजून होतील एवढा वेळ गेला असेल, आणि बार निघाला. डाव्या हाताची दोन बोटं गेली. डोकं नळीवर वाकलेलं नव्हतं, हे नशीब.

दारू बहुधा निपलजवळ दमट झाली होती. टोपीच्या ठिणगीनं ती भडकली नाही, नुसती धुमसत राहिली आणि कोरड्या दारूपर्यंत पोचल्यावर उडाली. याला आमच्या खात्यात हँगफायर म्हणतात, म्हणजे रेंगाळलेला बार. हे सगळं मला पुढे नोकरीत कळलं. त्या रात्री एवढंच कळलं, की जो बार झाला नाही असं आपण समजतो, तो नळीत जिवंत असू शकतो.

टोपी कुठून आली?

टोपी ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची. त्याआधी बंदुका तोड्याच्या किंवा चकमकीच्या असत. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर घासली जायची, ठिणगी पडायची ती बाहेरच्या बाजूला कानात ठेवलेल्या बारीक दारूवर. जुन्या मराठीत या दारूला रंजक म्हणत. रंजक पेटून तिचा जाळ बारीक भोकातून आत गेला तर बार. वारा आला, पाऊस आला, गारगोटी बोथट झाली, की संपलं.

स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर फॉरसिथ नावाचे एक पाद्री होते. त्यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकेचा भडका दिसताच पक्षी उडून जात, छर्रा मागाहून पोचायचा. यावर उपाय म्हणून त्यांनी नुसत्या आघातानं फुटणाऱ्या संयुगाचा वापर केला आणि १८०७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढच्या दीड-दोन दशकांत त्याचीच तांब्याची टोपी झाली. टोपीमुळे किती फरक पडला? इंग्लंडात वुलविच इथे १८३४ मध्ये दोन्ही प्रकारच्या बंदुकांची चाचणी झाली. प्रत्येकी सहा हजार बार काढले. चकमकीच्या बंदुका ९२२ वेळा फुसल्या, टोपीच्या फक्त ३६ वेळा.

हा आकडा कागदावरचा वाटेल, पण त्यात माणसांचे जीव होते. १८४१ च्या मे महिन्यात चीनमध्ये कँटन शहराजवळ इंग्रजांच्या फौजेतली ३७व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीची एक तुकडी मुसळधार पावसात वाट चुकली. आपल्याच देशातले ते शिपाई, हातात चकमकीच्या बंदुका, आणि पावसानं एकही धड पेटेना. हजारभर लोकांनी त्यांना वेढलं. शेवटी त्यांना सोडवायला टोपीच्या बंदुका असलेल्या दोन तुकड्या पाठवाव्या लागल्या. त्या बंदुका पावसातही वाजल्या. नवी वस्तू आधी कोणाच्या हातात पडते आणि जुनी कोणाच्या हातात राहते, हेही यातून दिसतं.

आपलं हिंगोली हे त्या काळी निजामाच्या राज्यातलं लष्करी ठाणं. हैदराबाद कंटिन्जंट म्हणून जी फौज होती, तिची छावणी इथे होती. ती फौज १९०३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. फौज गेली, पण ठासणीची बंदूक शेतकऱ्याच्या घरी पीकरक्षणाच्या परवान्यावर पुढेही राहिली. बाकी जगानं जी वस्तू संग्रहालयात ठेवली, ती आपल्याकडे अजून कुठे कुठे पडवीत खुंटीला लटकलेली असते.

ठासणीची बंदूक का फुसते?

चाळीस वर्षांत मी जेवढ्या ठासणीच्या बंदुका पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं निपलच्या त्या सुईएवढ्या भोकात होतं. पावसाळ्याआधी माणूस बंदुकीला तेल लावून ठेवतो. चांगली गोष्ट आहे. पण बंदूक उभी ठेवली की तेल ओघळून खाली निपलपाशी साचतं. मग चार महिन्यांनी तेल न पुसताच दारू भरली की भोक तुंबलेलं आणि खालची दारू तेलकट. टोपी वाजते, बार निघत नाही. जुने जाणकार बंदूक भरण्याआधी रिकाम्या नळीवर एक-दोन टोप्या उडवायचे. नळीचं तोंड एखाद्या गवताच्या पात्याजवळ सुरक्षित दिशेला धरायचे. पातं हललं तर वाट मोकळी आहे. अशी साधी खूण.

दुसरं कारण काजळी. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढून घेते. आज बार काढून बंदूक तशीच ठेवली, तर सकाळपर्यंत आत चिकट चिखल आणि आठवड्यात गंज. ही राख तेलानं जात नाही, गरम पाण्यानं जाते. पाण्यानं धुवायची, पूर्ण कोरडी करायची आणि मग तेलाचा हात. आपल्याकडे लोक 'लोखंडाला पाणी नको' म्हणून नुसतं तेल लावतात आणि गंज आत झाकून ठेवतात.

तिसरं कारण टोपी नीट न बसणं. वर्षानुवर्षं घोडा आपटून निपलचं टोक चेपून पसरट होतं. त्यावर टोपी पूर्ण खाली जात नाही, अर्ध्यावर अडकते. घोड्याचा पहिला तडाखा टोपी खाली ढकलण्यातच खर्च होतो. दुसऱ्यांदा घोडा ओढला की वाजते. 'पहिल्यांदा फुसते, दुसऱ्यांदा वाजते' ही खूण लक्षात ठेवा. तिचा उपयोग पुढे होणार आहे.

चौथं कारण मात्र मला बोलून दाखवायलाच हवं. टोपी मिळाली नाही की काही जण आगपेटीच्या काडीच्या गुलावर भागवतात. ती कधी पेटते, कधी नुसती धुमसते, आणि भरताना घासली गेली तर नको तेव्हा पेटते. टोपी मिळत नसेल तर बंदूक खुंटीला राहू द्यावी. डबा बडवून, शेकोटी पेटवून किंवा चार माणसांनी मिळून ओरडूनही डुक्कर हलतं.

पितळी काडतुसातली टोपी

आता पोलिस किंवा नेमबाज वापरतात त्या काडतुसाकडे येऊ. इथे दारू, गोळी आणि टोपी एकाच पितळी पुंगळीत बांधलेली असतात. टोपीला इथे प्रायमर म्हणतात. ती पुंगळीच्या बुडाशी एका गोल खाचेत घट्ट बसवलेली असते. तिच्यात तीन वस्तू असतात: एक पातळ धातूची वाटी, वाटीत आघातानं फुटणाऱ्या मसाल्याचा थर, आणि त्या थरावर टेकलेली एक लहानशी ऐरण. फायरिंग पिन म्हणजे हातोडा. हातोडा आणि ऐरण यांच्यामध्ये मसाला चिरडला जातो आणि ठिणगी पडते. लोहाराच्या भात्याशेजारी बसलेल्या कोणालाही हे कळेल. ऐरण पक्की नसेल तर घाव कितीही मारा, लोखंड नुसतं उडतं.

टोपीच्या दोन जाती आहेत. एकीचं नाव इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सरवरून पडलं, दुसरीचं अमेरिकेच्या हायरम बर्डनवरून. बॉक्सरच्या टोपीत ऐरण टोपीतच असते आणि पुंगळीला मध्यभागी एकच भोक असतं. बर्डनच्या पद्धतीत ऐरण पुंगळीच्या बुडातच घडवलेली असते आणि भोकं बहुधा दोन असतात. गंमत अशी, की इंग्रजाची टोपी अमेरिकेत रूढ झाली आणि अमेरिकनाची युरोपात. एका मधल्या भोकातून सुई घालून जुनी टोपी सहज बाहेर ढकलता येते, म्हणून पुंगळी पुन्हा भरणाऱ्यांना बॉक्सरची पद्धत सोयीची पडली.

पुंगळी पुन्हा भरायची म्हणजे काय? अमेरिकेत आणि इतर काही देशांत नेमबाज वापरलेली पुंगळी टाकत नाहीत. जुनी टोपी काढतात, पुंगळी पुन्हा मापात आणतात, नवी टोपी दाबून बसवतात, दारू मोजून घालतात, वर गोळी बसवतात. पैसे वाचतात आणि आपल्या रायफलीला मानवेल असं काडतूस मिळतं. आपल्याकडे कायदा वेगळा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. आपल्या राज्यात काडतुसं होतात ती कारखान्यात. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून, जळगाव जिल्ह्यात वरणगावला १९६४ पासून. ते दोन्ही कारखाने २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत. तेव्हा आता जे सांगणार आहे, ते घरी करून पाहण्यासाठी सांगत नाही.

टेक्सासचा फोन

माझ्या मामेभावाचा मुलगा, म्हणजे मामांचा नातू, टेक्सासमध्ये नोकरीला आहे. तिथे त्याला रायफल नेमबाजीचा छंद लागला आणि तो स्वतःची काडतुसं भरू लागला. एका रात्री त्याचा फोन आला. "काका, तुम्ही आरमोरर होतात ना? माझी पन्नासातली सहा-सात काडतुसं फुसतात. टोप्यांचा डबाच खराब आला असणार."

मी म्हटलं, "अरे, टोपीला शेवटी दोष द्यायचा. आधी मला तीन गोष्टी सांग. फुसलेल्या टोपीवर पिनेचा खड्डा कसा आहे? तेच काडतूस दुसऱ्यांदा मारलं तर वाजतं का? आणि त्याच रायफलीत कारखान्याचं काडतूस फुसतं का?"

हे तीन प्रश्न म्हणजे वैद्यानं नाडी पाहण्यासारखं आहे. खड्डा उथळ असेल तर तडाखा कमी पडतोय. स्प्रिंग थकली असेल, पिनेचं टोक झिजलं असेल, किंवा बोल्टमध्ये जुनं वंगण गोठलं असेल. चांदमारीच्या मैदानावर एक रायफल सारखी फुसायची. शिपाई बिचारा गोळ्यांना शिव्या देत होता. मी बोल्ट उघडला तर आत वंगण आणि धूळ यांचा लगदा. पिन त्या लगद्यातून पोहत पुढे जात होती. रॉकेलनं धुतल्यावर एकही बार फुसला नाही. खड्डा खोल पण मध्यभागी नसेल, तर पिन आणि काडतूस एका रेषेत नाहीत. खड्डा खोल आहे, मधोमध आहे, आणि तरी वाजलं नाही, तरच टोपीवर संशय घ्यायचा. ती दमट झाली असेल, तेलकट झाली असेल, किंवा क्वचित तिच्यात ऐरणच बसलेली नसेल.

पुतण्या म्हणाला, "काका, खड्डा थोडा उथळ आहे. दुसऱ्यांदा मारलं की बहुतेक वाजतात. आणि कारखान्याचं एकही फुसत नाही."

कारखान्याचं फुसत नाही म्हणजे रायफलीचा दोष बहुधा नाही. दोष भरणाऱ्याच्या हातात आहे. आणि 'पहिल्यांदा फुसते, दुसऱ्यांदा वाजते' ही खूण तर मामांच्या बंदुकीपासूनची ओळखीची. टोपी खाचेत पूर्ण खाली गेलेली नाही. तिची ऐरण खाचेच्या तळाला टेकलेली नाही, अधांतरी आहे. पहिला तडाखा टोपी खाली बसवण्यात जातो, दुसरा तिला फोडतो. मी त्याला म्हटलं, "भरलेल्या काडतुसाच्या बुडावरून बोट फिरव. टोपी पुंगळीच्या पातळीच्या किंचित खाली लागली पाहिजे. वर आल्यासारखी लागली तर तेच कारण. नाहीतर काडतूस काचेच्या टेबलावर उभं कर. डुललं तर टोपी वर आहे."

दुसऱ्या दिवशी फोटो आला. आठ काडतुसं डुलत होती. कारणही सापडलं. हा गडी पुंगळ्या बाहेरून आरशासारख्या चकचकीत करायचा, पण टोपीच्या खाचेत जमलेली मागच्या बारांची काजळी खरवडत नव्हता. कणाकणानं थर वाढला आणि नवी टोपी वरच अडकू लागली. भांडं बाहेरून घासायचं आणि आतली करप तशीच ठेवायची, असला प्रकार. मी त्याला बजावलं, की भरून तयार झालेल्या काडतुसाची टोपी पुन्हा दाबायला जाऊ नकोस. खाली दारू आहे. ती आठ काडतुसं बाजूला काढ, वापरू नकोस.

याच्या जोडीला आणखी एक कारण असतं. पुंगळी मापात आणताना तिचा खांदा गरजेपेक्षा मागे दाबला गेला, तर काडतूस चेंबरमध्ये सैल बसतं. पिन आपटली की अख्खं काडतूस पुढे सरकतं आणि तडाखा हलका होतो. उशीवर ठोसा मारावा तसं. त्याच्या पुंगळ्यांत ते नव्हतं, पण तपासायला सांगितलं.

मी गप्प झालो ते

बोलता बोलता मी सहज विचारलं, "फुसल्यावर तू काय करतोस?"

तो म्हणाला, "काय करणार? लगेच बोल्ट मागे ओढतो, काडतूस बघतो, परत घालतो."

मी थोडा वेळ काही बोललोच नाही. मग विचारलं, "तुझ्या आजोबांच्या डाव्या हाताची बोटं कशी गेली, ठाऊक आहे?"

"हो, कडबाकुट्टीत."

घरात सगळ्यांना तेच माहीत होतं. मामांनीच तसं सांगितलं होतं. बंदुकीचा अपघात म्हटला की चौकशी होईल आणि परवाना जाईल, ही एक भीती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लाज. वीस वर्षं बंदूक बाळगणाऱ्या माणसाची बोटं स्वतःच्याच बंदुकीनं गेली, हे कोणाला सांगायचं? मलाही त्यांनी शपथ घातली होती. ते गेल्यावरही मी ती पाळली. त्या रात्री मात्र मोडली. मला वाटलं, शपथ पाळून मी या पोराचा हात धोक्यात घालतोय.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, हे आधी कोणी सांगितलं असतं तर..." पुढे बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती.

श्रोतेहो, हँगफायर फार क्वचित होतो. आजच्या चांगल्या काडतुसात तर फारच क्वचित, आणि झाला तरी बहुधा सेकंदाच्या आत संपतो. पण नियम नेहमीच्या दिवसासाठी नसतो, त्या एका दिवसासाठी असतो. बंद चेंबरमध्ये बार उशिरा निघाला तर गोळी नळीतून जाईल. बोल्ट उघडल्यावर निघाला तर पितळेचे तुकडे तोंडावर येतील. म्हणून 'खट्' झालं आणि आवाज आला नाही, तर नळी निशाणाच्याच दिशेला, म्हणजे जिथे कोणी माणूस नाही अशा दिशेला धरून ठेवायची. बोट चापावरून काढायचं. मनात तीस आकडे सावकाश मोजायचे. मग चेहरा बाजूला ठेवून काडतूस बाहेर काढायचं. ठासणीच्या बंदुकीत तर दोन-तीन मिनिटं थांबायचं, कारण तिथे दारू धुमसायला भरपूर जागा असते. तोंडाशी हात नाही, डोकं नाही, आणि गज तर मुळीच नाही.

आणखी एक गोष्ट. कधी 'खट्' होत नाही, 'फुस्' होतं. आवाज नेहमीपेक्षा बारीक, धक्का नाही. अशा वेळी टोपी वाजलेली असते, पण पुंगळीत दारू नसते किंवा भिजलेली असते. टोपीच्या जोरावर गोळी अर्ध्या नळीपर्यंत जाऊन अडकते. माणूस म्हणतो, हाही फुसका, आणि दुसरं काडतूस मारतो. पुढची गोळी अडकलेल्या गोळीवर आदळते आणि नळी फाटते. फुसक्या बारापेक्षा हा जास्त घातक. आवाज वेगळा आला की काम थांबवायचं, बंदूक रिकामी करायची आणि नळी आरपार मोकळी आहे का ते पाहायचं. त्याशिवाय पुढचं काडतूस हातात घ्यायचं नाही.

मोठ्यांच्याही बंदुका फुसतात

यात कमीपणा काही नाही. २१ ऑगस्ट २०१९ रोजी बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यसंस्कारात सलामी द्यायला २२ पोलिस उभे राहिले, आणि एकाही बंदुकीतून बार निघाला नाही. देशभर बातमी झाली, लोक हसले. मी हसलो नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो कोणी आरमोरर आला, ज्याला त्या रात्री झोप लागली नसेल.

आणि आपले नेमबाज पाहा. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकलं. या प्रकारात वापरतात त्या बारीक काडतुसात टोपी वेगळी नसते. मसाला पुंगळीच्या कडेत आतून फिरवलेला असतो. कडेच्या एखाद्या जागी मसाला पोचला नाही आणि पिन नेमकी तिथेच पडली, की बार फुसतो. पदकाच्या स्पर्धेतही तसं होऊ शकतं. तेव्हा नेमबाजानं काय करायचं, हे नियमात लिहिलेलं आहे. पिस्तूल सुरक्षित दिशेला धरून ठेवायचं आणि पंचाला खूण करायची. तो येऊन पाहील. दोष खेळाडूचा नाही असं ठरलं तर पुन्हा संधी मिळते. स्वतः घाईनं पिस्तूल उघडलं तर ती संधी जाते. जगातले सर्वांत तरबेज हात जिथे थांबतात, तिथे आपण घाई का करावी?

फुसलेल्या काडतुसाचं काय करायचं, हेही अनेक जण विचारतात. ते खिशात टाकायचं नाही, चुलीत तर नाहीच नाही. पक्कडीनं उघडून पाहायचं नाही. पोरांच्या हाती खेळायला द्यायचं नाही. वेगळ्या डब्यात ठेवून परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलिस ठाण्यात जमा करायचं. आणि ज्यांच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक लटकते आहे, त्यांनी ती भरलेली नाही असं गृहीत धरू नये. जुन्या बंदुकीत वर्षानुवर्षं विसरलेला बार असू शकतो. स्वतः तपासण्याऐवजी जाणकाराकडून तपासून घ्या. परवान्याची मुदत संपली असेल तर तेही उरकून टाका. आणि रानडुक्कर किंवा रोही कितीही त्रास देत असला, तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यावर बार टाकू नका.

गेल्या दिवाळीत पुतण्या गावी आला होता. मामांचा जुना माळा आता नाही. तिथे हळदीचं शेत आहे आणि भोवती तारेचं कुंपण. आम्ही दोघं बांधावर बसलो होतो. तो म्हणाला, "काका, आता रेंजवर बार फुसला की मी तीस मोजतो. शेजारचे विचारतात, काय पुटपुटतोस? मी मराठीतच मोजतो."

मी विचारलं, "तीसपर्यंत?"

"नाही," तो म्हणाला. "आजोबांसाठी आणखी दहा."